वन्संनी दिवा लावला नाही

३ एप्रिल, गुरुवार

आजपासून रोज लिहायचं, असं रेवा मॅडमचं फर्मान निघालंय. मॅडम म्हणजे वय वर्षं सव्वीस. पुण्यात बसून लॅपटॉपवरून आम्हा अकरा जणांना शिकवते. आम्ही सहा महिने युगांडाला जाणार, तिथल्या खेड्यांतल्या आरोग्यसेविकांबरोबर घरोघर फिरणार, स्वयंसेवक म्हणून. माझी निवड पक्की झाल्याचा मेल काल आला आणि आज हा पहिला गृहपाठ. "सुनंदाताई, घरातलं एक माणूस निवडा. त्याचं जे दिसेल ते लिहा. मत नको, कारण नको, फक्त दिसलं ते. वही तुमची खाजगी. शेवटी त्यातली निरीक्षणं तेवढी वेगळी काढून मला पाठवा."

ऐका! एकतीस वर्षं मी सरकारी नर्सबाई म्हणून दारोदार फिरले. बाई ओटा चढताना बघून कितवा महिना ते सांगायचे. आणि ही मला बघायला शिकवणार.

बरं, निवडलं माणूस. आमच्या वन्सं. ह्यांच्या थोरल्या बहीण शांता, वय त्रेसष्ट. ऐन पंचविशीत नवरा गेला, तेव्हापासून इथे उमेळ्याला माहेरीच. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून ड्युटी माझी आणि घर त्यांचं, अशी आमची चौतीस वर्षांची वाटणी. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण ती लिहायला बसले की लेखणी अडते, म्हणून इथे शाळेतली मराठी.

तर दिसलं ते. मी काल निवडीचं सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "अरे वा." वन्संनी विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, सहा महिने. "बरं," म्हणाल्या आणि मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसल्या. आज संध्याकाळी दिव्याची वेळ झाली तर म्हणतात, "सुनंदा, आज तू लाव दिवा."

गेल्या दहा-बारा वर्षांत या घरात देवाजवळचा दिवा दुसऱ्या कोणी लावलेला नाही. तापाने फणफणल्या तरी उठून लावणार. मत लिहायचं नाही म्हणे. माझं मत असं आहे की ही सरळसरळ नाराजी आहे.

७ एप्रिल, सोमवार

पाचवा दिवस. दिवा मी, तुळशीला पाणी मी, देवाची फुलं मी. वन्सं दारात उभ्या राहून लांबून सांगतात, "वात जरा पुढे ओढ." हात लावायचा नाही, नुसते हुकूम सोडायचे!

ह्यांना म्हटलं, "तुमच्या बहिणीने असहकार पुकारलाय." हे वाडीतून येऊन हातपाय धूत होते. म्हणाले, "अगं, दमत असेल ती." दमत असेल! आणि मी काय पेन्शन खात झोपाळ्यावर बसलेय? आज सकाळपासून फिटनेस सर्टिफिकेटसाठी एका डॉक्टरच्या दवाखान्यात बसून होते. माझा रक्तदाब बघितला, छाती बघितली, सगळं ठणठणीत. मग सही करायच्या आधी तो पोरगेला डॉक्टर विचारतो, "मिस्टरांची परवानगी आहे ना?" मी म्हटलं, "डॉक्टर, त्या फॉर्मवर मिस्टरांचा रकाना आहे का?" नाही म्हणाला. "मग करा सही."

घरी येऊन हे सगळं रंगवून सांगितलं. वन्सं हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग भिंतीला हात धरून उठल्या आणि आडव्या पडायला गेल्या. दुपारी चार वाजता. आळस म्हणजे काय हे त्या बाईला ठाऊक नव्हतं, तोही आता सुरू झाला.

१४ एप्रिल, सोमवार

नऊ तारखेपासून वन्सं पुन्हा दिवा लावायला लागल्यात. उतरला वाटतं राग. मी काही बोलले नाही, मोठ्या मनाने.

आज ह्यांचे चुलत भाऊ देवेंद्र आले होते. त्यांच्या वाटणीची वाडी गेली, तिथे सात मजली उभी राहिली, तेव्हापासून त्यांना दिवसभर काही काम नसतं. पाय पसरून बसले आणि म्हणतात, "काय वहिनी, इकडचे आजारी संपले काय, आफ्रिकेत जाताय ते?" अंगाचा तिळपापड झाला माझ्या. एकतीस वर्षं इकडच्याच आजाऱ्यांच्या दारात चपला झिजवल्या, तेव्हा यांना दिसले नव्हते ते. मी म्हटलं, "भावोजी, तुमची साखर कधी तपासलीत शेवटची?" चहा बिनसाखरेचाच दिला.

वन्सं मात्र माझ्या बाजूने एक अक्षर बोलल्या नाहीत. चहाचे कप उचलून आत गेल्या. दिसलं ते: उन्हाळ्यात जन्मभर फिकट सुती साड्या नेसणारी बाई आता गडद चॉकलेटी साडी नेसून वावरते. घामाने नुसती निथळतेय, पण नाही, नेसायची गडदच. मी गेल्यावर जणू घराला सुतक पडणार आहे.

२२ एप्रिल, मंगळवार

पिवळ्या तापाची लस घेतली. मी आणि जेनिफर एकत्रच गेलो मुंबईला. जेनिफर माझी जुनी मैत्रीण, पूर्वी हॉस्पिटलात नर्स होती, तीही चाललीय. तिच्या घरी तिच्या प्रवासासाठी रोज संध्याकाळी रोझरी म्हणताना एक जास्तीची प्रार्थना होते. आमच्याकडे? आमच्याकडे परवापासून दिवा पुन्हा माझ्या गळ्यात. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

दंड दुखत होता तरी न्यायच्या साड्या काढून बसले. वन्सं येऊन उभ्या राहिल्या. "त्या दोन जुन्या सुती मला दे गं. मऊ झाल्यात."

"कशाला?"

"असू देत. पुसायला-बिसायला."

माझ्या साड्या, पुसायला! मी अजून घरात जिवंत बसलेय आणि माझे कपडे वाटून घ्यायची घाई. रागाने दोन्ही साड्या त्यांच्या अंगावर टाकल्याच जवळजवळ. त्यांनी नीट घडी घातली आणि घेऊन गेल्या. रात्रीपर्यंत पुसायचं एक फडकंही कुठे दिसलं नाही, हेही निरीक्षणच.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. आज मी बोलले. बोलायलाच हवं होतं.

आमरस मी काढला, पुरण मी वाटलं. ताट वाढायची वेळ आली तेव्हा वन्सं मागच्या पडवीत केळीची पानं पुसत बसलेल्या. हाक मारली तर म्हणतात, "नैवेद्य तूच दाखव. मला अडचण आहे."

बस्स. डोक्यात तिडीक गेली. "कसली अडचण? माझ्या जाण्याचीच ना? मग सरळ तोंडावर बोला की! महिनाभर बघतेय मी. दिवा नाही, तुळस नाही, आता सणाचा नैवेद्य नाही. मी जन्मभर दुसऱ्यांच्या बायकांची बाळंतपणं केली, तेव्हा कोणाला अडचण नव्हती. आता माझ्या मनाने एकदा कुठे निघाले तर घरभर अडचणी!"

वन्संनी हातातलं पान खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मला कसली अडचण असणार तुझ्या जाण्याची? तू जा. तू गेलीच पाहिजेस."

हे असं टोचून बोलायचं! हे पाटावर बसलेले, मान खाली घालून रिकाम्या ताटाकडे बघत होते. सुजय आणि मेघना बोळिंजहून आले होते जेवायला. माझा मुलगा आणि सून, पण त्यांच्यातलं कोणी "आई, बरोबर आहे तुझं" म्हणेल तर शपथ. मेघना उठून वन्संच्या मागे पडवीत गेली आणि दोघी कितीतरी वेळ कुजबुजत होत्या. सासूचा पाणउतारा करायला आत्या-सुनेची जोडी जमली.

६ मे, मंगळवार

लोणचं. युगांडात सहा महिने मी कैरीच्या लोणच्याशिवाय जेवणार नाही, आणि लोणचं या घरात वन्संच्या हातचं. त्यांच्या बरणीला वर्षभर बुरशी धरत नाही, अख्ख्या गावात नाव आहे. काल वाडीतल्या कैऱ्या उतरवल्या, मोहरी आणली, मोठ्या हौसेने म्हटलं, "वन्सं, तुमच्या हातची बरणी नेणार मी परदेशात."

तर दारातून पुढे येईनात. उंबऱ्याबाहेर पाट घेऊन बसल्या आणि तिथूनच, "फोडी कोरड्या कर. मीठ आधी चोळ. हात ओला नको." मी म्हटलं, "या की आत, तुम्हीच कालवा." "नको. तूच कालव. माझा हात नको लागायला."

म्हणजे मी नेणार म्हणून हात लावायचा नाही! एवढा राग? चौतीस वर्षांत आमची भांडणं काय थोडी झाली, पण अन्नावर कधी राग काढला नव्हता त्यांनी. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, मोहरी झोंबली असं मी सांगितलं.

११ मे, रविवार

आज सरावाचं भाषण झालं. एव्हरशाईन सिटीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये चाळीसेक बायका जमवल्या होत्या. रेवा पुण्याहून फोनच्या पडद्यावर बघत होती. माझा विषय: चाळिशीनंतरचं बाईचं आरोग्य. वन्संना मी मुद्दाम नेलं. म्हटलं, निदान बघू दे यांना, मी काय काम करते ते.

बोलले मी मस्त. बायका वह्यांत लिहून घेत होत्या. म्हटलं, "पाळी जाऊन वर्ष उलटलं, आणि त्यानंतर एक डाग, एक थेंब जरी दिसला, तरी गरमी झाली असेल म्हणून अंगावर काढायचं नाही. त्याच आठवड्यात डॉक्टर." टाळ्या. रेवा म्हणाली, "सुनंदाताई, दहापैकी दहा."

आणि आमच्या वन्सं? खाली गाद्या घातलेल्या, वर स्वच्छ पांढऱ्या चादरी. सगळ्या बायका बसल्या. या बसेनात. पाऊण तास दाराजवळ भिंतीला टेकून उभ्या. दोघीतिघींनी "बसा ना आत्या" म्हणून हात धरला, तर हात सोडवून घेतला. माझ्या कार्यक्रमात एवढा तमाशा. लाज आणली.

जेनिफर बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "सुनंदा, शांताबाय पांढरी फटक दिसते गं. रक्त तपासून घे तिचं." मी म्हटलं, "तिचं रक्त चांगलं आहे, माझं आटतंय." जेनिफर हसली नाही.

रिक्षात वन्सं मध्येच म्हणाल्या, "तुझं विमान सात जूनलाच ना? पुढेमागे नाही ना व्हायचं?"

दिवस मोजतायत. मी खिडकीबाहेर, म्हणजे रिक्षाला कुठली खिडकी, रस्त्याकडे तोंड केलं आणि उमेळं येईपर्यंत बोलले नाही.

२० मे, मंगळवार

लोणच्याला बुरशी. पांढरा थर. एवढी हौस, एवढी कैरी, गेलं सगळं. वन्संना दाखवलं तर लांबूनच वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "तुझा हात ओला होता."

होता. रडत होते मी कालवताना. पण हे त्यांना कशाला सांगू?

२२ मे, गुरुवार

अक्षर नीट येत नाहीये. येऊ दे कसंही.

निरीक्षणं उद्यापर्यंत पाठवायची होती. दुपारी जेवणं झाल्यावर वही घेऊन बसले. ठरवलं की आपली चिडचिड गाळायची आणि दिसलं तेवढंच कोऱ्या कागदावर उतरवायचं, केसपेपर लिहितो तसं. वर लिहिलं: स्त्री, वय ६३. मग लिहीत गेले. ३ एप्रिलपासून ८ पर्यंत देवाचा दिवा लावला नाही, तुळशीला हात लावला नाही. नऊ तारखेपासून लावला. २० पासून पुन्हा बंद, तो आजपर्यंत. फिकट साड्या सोडून गडद. जुनं मऊ सुती कापड मागून घेतलं. नैवेद्याला शिवली नाही. लोणच्याच्या जवळ आली नाही. पांढऱ्या चादरीवर बसली नाही. दमते. दुपारी झोपते. पांढरी पडली आहे.

आणि वाचलं. एकदाच वाचलं.

हीच यादी चौदा वर्षांच्या पोरीची असती तर मी पहिल्या ओळीला ओळखलं असतं. आमच्या घरांत दिवा, तुळस, नैवेद्य आणि लोणचं हे सगळं एकदम बाईच्या हातून कधी सुटतं ते मला कोणी शिकवायची गरज आहे? माझे स्वतःचे महिन्याचे ते चार दिवस या वन्संनीच सांभाळले, जन्मभर. पण त्रेसष्टाव्या वर्षी? बारा वर्षांपूर्वी पाळी गेलेल्या बाईला?

"मला अडचण आहे," म्हणाली होती ती. सणाच्या दिवशी, मला, माझ्या तोंडावर. अडचण! गावातल्या शेंबड्या पोरीलाही या शब्दाचा अर्थ कळतो. मी नर्स. मी विचारलं, कसली अडचण, माझ्या जाण्याची?

उठले ती थेट विहिरीमागे गेले. तिथे केळींच्या आड दोरी बांधलेली. वर एक साडी वाळत घातलेली आणि त्या साडीखाली लपवून माझ्याच सुती साड्यांचे तुकडे. डाग धुऊन जात नाहीत ते.

वन्सं पडवीत बसल्या होत्या. मी विचारलं, "वन्सं, अंगावरून जातंय तुमच्या?"

"हळू बोल. जयवंत आत झोपलाय."

"कधीपासून?"

"पाडवा झाला ना, त्याच आठवड्यापासून. आधी येऊन जाऊन होतं. आता थांबत नाही."

मी ओरडले. हे उठू देत, सगळं उमेळं उठू दे. "पाडव्यापासून! आणि मला सांगितलं नाहीत! एव्हरशाईनला पाऊण तास उभ्या राहून ऐकलंत ना माझं? एक थेंब दिसला तरी डॉक्टर! ऐकलंत ना?"

"ऐकलं. चांगलं बोललीस तू."

"मग?"

"मग काय? तुला सांगितलं असतं तर तू गेली असतीस का? सुजय लहान होता तेव्हा तुझं ते दिल्लीचं ट्रेनिंग आलं होतं. आई पडली आणि तू राहिलीस. वर्षभर भांडी आपटत होतीस घरात. आता पुन्हा मी आड यायचं? सात तारखेला तुझं विमान उडालं की आठ तारखेला दाखवणार होते. मेघनाला सांगून ठेवलंय, ती रजा टाकणार आहे."

सून ठरवते, नणंद लपवते, आणि मी डायरीत लिहिते की माझ्यावर सगळे रुसलेत!

"माझ्याशी खोटं वागलात तुम्ही."

"हो."

"मग दिवा लावायचात की खुशाल. मला कशाला कळलं असतं?"

वन्संनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी वेडीच आहे. "देवाशी खोटं कसं वागायचं, सुनंदा?"

"आणि माझ्याशी?"

"तुझ्याशी चालतं."

२३ मे, शुक्रवार

डॉक्टरीणबाई, सोनोग्राफी. पिशवीचं अस्तर नको तितकं जाड आहे. तुकडा काढून तपासायला पाठवला. हिमोग्लोबिन साडेसात. साडेसातवर ही बाई विहिरीचं पाणी काढत होती आणि मी दंड दुखतोय म्हणून कुरकुरत होते.

मेघनाला फोनवर झाडायचं ठरवलं होतं. झाडलं. ती रडली नाही की उलट बोलली नाही. एवढंच म्हणाली, "आई, आत्यांनी मला शपथ घातली होती. आणि मला खरंच वाटत होतं की तुमच्या लक्षात आलं असणार. तुम्ही नर्स आहात ना." पोरीने मुद्दाम लावून बोललं असतं तर बरं वाटलं असतं. ती अगदी मनापासून बोलत होती.

३१ मे, शनिवार

रिपोर्ट आला. गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर. पसरलेला दिसत नाही, पिशवी काढली की बहुतेक भागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नऊ जूनला ऑपरेशन. मी विचारलं, "दोन महिने आधी आलो असतो तर?" त्या म्हणाल्या, "आता तरी आलात. विमान गेल्यावर नाही आलात."

त्यांना विमानाचं कोणी सांगितलं? वन्संनीच. तपासणीच्या टेबलावर आडव्या पडून, "माझं लवकर उरका, हिला सात तारखेला जायचंय."

ह्यांनी बहिणीला जवळ घेतलं आणि मोठ्याने रडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला कसं कळलं नाही गं?" मी म्हटलं, "तुमची बहीण आहे ती, तुम्हाला कळलं?" चांगली खडाजंगी झाली. भांडून दोघांनाही जरा बरं वाटलं.

संध्याकाळी मी म्हटलं, "वन्सं, आज तुम्ही लावायचा दिवा. आहे तशा."

"नाही."

"अहो, हे पाळीचं रक्त नाही. आजाराचं आहे. उद्या नाकातून रक्त आलं तर काय देव बाहेर काढाल?"

"सुनंदा, तू त्या आफ्रिकेतल्या बायकांना शिकव. मला नको."

"आणि पाळीचं असलं तरी काय? देवाला काय कळत नाही का, बाईला काय होतं ते?"

"कळतं. म्हणून तर."

मीच लावला. काडेपेटी आपटली ती देव्हाऱ्यामागे पडली. या दिव्यापायी बाईने स्वतःला दोन महिने उंबऱ्याबाहेर ठेवलं याचा मला राग आहे. त्याच दिव्यामुळे मला कळलं, नाहीतर काहीच कळलं नसतं, याचा त्याहून जास्त आहे. कोणावर काढू तेवढं समजत नाही.

२ जून, सोमवार

संस्थेला कळवलं. त्यांचा फॉर्म असतो. जाणं रद्द करण्याचं कारण निवडा. चार पर्याय, त्यातला एक: वैयक्तिक अडचण. त्या शब्दाकडे बघत बसले. शेवटी त्याच्यावरच टिचकी मारली.

रेवाचा लगेच फोन. मला वाटलं गोड गोड बोलेल, मी तिला फाडून खाईन. पण ती म्हणाली, "ताई, निरीक्षणं आली नाहीत तुमची." मी तो कागद तिला वाचून दाखवला, स्त्री, वय ६३, जसाच्या तसा. तिने तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाली, "मला तर हे वाचून काहीच कळलं नसतं, ताई. दिवा आणि लोणचं." तिचं बरोबर आहे. ती फ्लॅटमध्ये वाढलेली मुलगी, तिच्या घरात हे पाळत नाहीत. मी पाळणाऱ्यांतली. मला सबब नाही.

मी तिला म्हटलं, "तुमच्या त्या छापील प्रश्नावलीत पहिला प्रश्न आहे, तुम्हाला काय त्रास होतो? तो बदला. बाई सांगत नाही. तिला विचारा, घरातलं कुठलं काम तुम्ही हल्ली करत नाही?" तिने लिहून घेतलं. माझ्या जागेचं म्हणाली, नोव्हेंबरच्या तुकडीत ठेवते. मी हो किंवा नाही म्हटलं नाही.

जेनिफर शनिवारी एकटी जाणार. तिला सांगितलं, तुझ्या बॅगेत माझ्या सामानाची जागा मोकळी झाली, आता तुझे ते डाळीचे डबे कोंब खुशाल.

१२ जून, गुरुवार

झालं ऑपरेशन. चार तास. पिशवी बाहेर. आजार पसरलाय का ते बघायला काढलेल्या गाठींचा रिपोर्ट यायचाय.

शुद्धीवर आल्या आणि पहिलं काय विचारावं? "गेली का जेनिफर?" गेली म्हटलं. "आणि तू?" मी म्हटलं, "मी ही तुमच्या समोर बसलेय, दिसत नाही का?" त्यांनी डोळे मिटले आणि कपाळाला आठ्या घातल्या. मनासारखं झालं नाही की त्या अशाच आठ्या घालतात, चौतीस वर्षं बघतेय. पण माझा हात काही सोडला नाही.

मी त्यांना सांगितलं नाही की दोन महिन्यांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, बरं वाटतंय ना. इथे लिहून ठेवते.

२९ जून, रविवार

गाठींत काही नाही. स्वच्छ. पुढचे उपचारही नकोत, फक्त तीन-तीन महिन्यांनी दाखवायचं. ह्यांनी गावभर केळी वाटली. देवेंद्र भावोजी सुद्धा येऊन गेले आणि जाताना हळूच म्हणाले, "वहिनी, साखर तपासली. दोनशे ऐंशी." म्हटलं, उद्या सकाळी या, उपाशीपोटी.

संध्याकाळी मी दिव्याची वात वळत होते. वन्सं खोलीतून भिंत धरत आल्या. मोतिया रंगाची साडी नेसलेल्या, इतक्या महिन्यांनी. पोटावर एक हात, दुसरा माझ्यापुढे.

"आण ती काडेपेटी."

"पडून राहा. टाके आहेत."

"आण म्हणते ना. पिशवीच गेली आता. आता कसली अडचण? कायमची सुटले मी." आणि हसल्या! खूश होत्या. देव्हाऱ्यासमोर पाटावर बसल्या, चांगल्या ऐसपैस. "लिंबं आणायला सांग जयवंताला. आंबा संपला, लिंबाचं घालते. नोव्हेंबरपर्यंत मुरेल. रेवाला फोन करून हो सांग, नाहीतर मी करते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्रेसष्ट वर्षांच्या बाईला देवापुढे बसायची मोकळीक मिळाली ती कधी, तर पोटातला एक अवयव कापून दिल्यावर. आणि तिला त्याचा आनंद होतोय! सगळं ओठांवर आलं होतं. देवाला, घराला, तिला, मला, कोणालाच सोडणार नव्हते.

काडेपेटी दिली.

त्यांनी काडी ओढली, वात पेटवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इतके महिने तू वात अशी जाड वळत होतीस? तरीच तेल पुरत नव्हतं."